काळी पावती

ऐका, आणि मधे मधे बोलू नका. मी सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे! माझ्या तोंडात आता चारच दात उरलेत, त्या चारही दातांची शप्पथ. एक अक्षर खोटं निघालं तर त्यातला एक इथल्या इथे गळून पडू दे. लोक म्हणतात, म्हातारी फुगवून सांगते. फुगवायला तो काय फुगा आहे? झालं ते झालं, आणि मला त्याचा अजून राग येतो. नुसतं आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. वाटेत गुडघ्यापाशी जरा थांबते, तिथे आधीच एक आग पेटलेली असते म्हणून.

तर आमच्या थोरल्या जाऊबाई. इस्त्री करतात. चाळीस वर्षं एकाच गाळ्यात उभ्या आहेत. गाळा म्हणजे काय, एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. टेबल मावतं, जाऊबाई मावतात, श्वास घ्यायचा असला तर बाहेर यावं लागतं. दुपारी मी मदतीला जाते. म्हणजे स्टुलावर बसते, घड्या घालते, आणि कुणाच्या सदऱ्यावरून त्याच्या घरात काय बिनसलंय ते सांगते.

जाऊबाईंना एक खोड आहे. हाताखाली जे सापडेल त्याला इस्त्री करायची. रुमाल, पिशव्या, आलेली पत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या. एकदा भावोजी वर्तमानपत्र वाचत होते, ते त्यांच्या हातातून ओढलं, दोन्ही बाजूंनी फिरवली इस्त्री आणि परत दिलं. भावोजी म्हणाले, "वा! आज बातम्या गरमागरम आहेत."

गाळा भाड्याचा. नियम असा, की दर वर्षी पाच तारखेच्या आत वर्षाचं भाडं इमारतीच्या खात्यात चेकने भरायचं. पाच म्हणजे पाच. चुकलं की गाळा जाणार. कुणाला जाणार तेही ठरलेलं होतं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण रोज समोर उभा राहून गाळा डोळ्यांनी मोजायचा. "मावशी, इथे काच लावली की काय झकास दिसेल, नाही?" असं जाऊबाईंच्या तोंडावर विचारायचा मेला. जाऊबाई म्हणायच्या, "लाव की. मी गेल्यावर." तो म्हणायचा, "हो हो, घाई नाही." आणि घड्याळ बघायचा!

बँक रस्त्याच्या पलीकडे. पूर्वी तिथे पाच खिडक्या होत्या. मग एक बुजवली, तिथे कुंडी ठेवली. दुसरी बुजवली, तिथे हसणाऱ्या बाईचं चित्र लावलं. करता करता एकच खिडकी उरली. तिच्यामागे एक बाई बसते, तिला आम्ही शिक्केवाली म्हणतो. ती शिक्का मारते तेव्हा आधी गादीवर टक्, मग कागदावर ढप्प! तो ढप्प ऐकला की माणूस सुखाने घरी जातो. आणि दाराशी दोन मशिनं. त्यांना शिक्का नाही, ढप्प नाही. नुसती एक गोड आवाजाची बाई आत कोंडलेली, "कृपया पुन्हा प्रयत्न करा" म्हणते. किती वेळा करायचा गं बये?

शाखेचे साहेब दाराशी उभे असायचे. वरून त्यांना हुकूम होता, की शंभरातली ऐंशी माणसं मशीनकडे वळवा. म्हणून त्यांचं नाव पडलं वळवेसाहेब. खरं नाव कुणाला माहीत नाही, मला वाटतं त्यांच्या बायकोलाही नसावं. कोणी रांगेत उभं राहिलं की हे आलेच. "आजी, मशीन आहे ना! दोन मिनिटांत काम!" भिंतीवर एक फळा होता, त्यावर रोज किती वळवले तो आकडा लिहायचे. गुरं वळवणारासुद्धा संध्याकाळी इतका खूश होत नसेल.

तीन तारखेला जाऊबाई चेक घेऊन गेल्या. रांगेत तिसऱ्या होत्या. ऐका हं, तिसऱ्या! पाच मिनिटांत ढप्प झालं असतं. तेवढ्यात वळवेसाहेब आले, त्यांच्या हातातून चेक काढून घेतला आणि म्हणाले, "या, मी शिकवतो." शिकवलं कसलं, स्वतःच मशीनच्या तोंडात घातला. मशीनने घर्र केलं, थोडं खोकलं, आणि आतली बाई म्हणाली, "आपला चेक स्वीकारला आहे. धन्यवाद." बोटभर रुंदीची पावती बाहेर आली, गुळगुळीत, सुरळी होणारी. साहेबांनी फळ्यावरचा आकडा एकाने वाढवला. जाऊबाई पावती घेऊन गाळ्यात आल्या आणि ती कपाटाच्या खणात ठेवून दिली.

वीस तारखेला सकाळी इमारतीचा कारकून आला. मान खाली घालून बोलायची सवय आहे त्याला, त्यामुळे तो चपलांशी बोलतोय असं वाटतं.

"काकू, भाडं आलेलं नाही खात्यात."

"असं कसं? तीन तारखेला भरलंय मी."

"नाही आलं. आता आज भरलं तरी चालणार नाही, तारीख गेली. पाचच्या आत भरल्याचं काहीतरी लेखी असेल तर दुपारी तीनपर्यंत आणून दाखवा. नाहीतर किल्ली..." पुढचं तो चपलांना म्हणाला. त्याच्या मागे कव्हरवाला उभा होता. हातात काच मापायची टेप!

"लेखी आहे ना!" जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खणातून पावती काढली.

काळी. दोन्हीकडून काळी कुळकुळीत. अक्षर नाही, आकडा नाही, काही नाही.

"जाऊबाई," मी म्हटलं, "हिला तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? सुरळी होत होती. इस्त्री केली."

आता तुम्ही हसाल. मी नाही हसले. तो कागद म्हणे उष्णतेने काळा होतो, त्यावर शाई नसतेच. मला सांगा, हे कुणी सांगितलं होतं आम्हाला? चाळीस वर्षं इस्त्री करणाऱ्या बाईच्या हातात तुम्ही उन्हातसुद्धा न टिकणारा कागद देता, आणि वर धन्यवाद म्हणता? जाऊबाई खाली बसल्या. टेबलाच्या कडेला हात धरून बसल्या. मी त्यांना कधी गाळ्यात बसलेलं पाहिलं नव्हतं. तिथे बसायला जागाच नाही, आणि तरी त्या बसल्या.

"धाकटे," म्हणाल्या, "मी आता उभी कुठे राहू गं?"

झालं! माझं डोकं फिरलं. "उठा," म्हटलं. "आधी बँकेत उभ्या राहा."

बँकेत ही रांग. रांग इतकी लांब होती, की शेवटचा माणूस आत आला तेव्हा गुळगुळीत दाढी करून आला होता आणि खिडकीशी पोचला तेव्हा साधू दिसत होता. आणि दोन्ही मशिनं मोकळी. एकावर कागद चिकटवलेला, "बंद आहे". दुसरं आपलं कुणी नसताना "स्वागत, स्वागत" करत उभं.

आमच्या पुढे एक गवंडी होता आणि त्याच्या पुढे एक मास्तरीणबाई. मी गवंड्याला विचारलं, "का रे बाबा, मशीन मोकळं आहे, जात का नाहीस?"

त्याने हात पुढे केले. सिमेंटने खाल्लेली बोटं, नुसत्या भेगा. "ती काच माझं बोटच ओळखत नाही, आजी. मी दाबतो, ती म्हणते कुणी नाही इथे. एवढा धडधाकट माणूस उभा आहे, आणि कुणी नाही म्हणे!"

"आणि तुम्ही हो बाई? तुम्हाला तर येत असेल."

मास्तरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सगळं येतं. चार तारखेला मशीनमध्येच चेक टाकला. अजून जमा नाही. तेच विचारायला उभी आहे."

"माझाही," मागून कोणी म्हणालं.

"माझा सहा तारखेचा."

"माझा नऊचा. रोज येतो. रोज सांगतात, दोन दिवस थांबा."

ऐकलंत? अर्धी रांग मशीनमध्ये टाकलेल्याचं काय झालं ते विचारायला उभी होती! बँकेत रांग का लागते, लोक मशीनकडे का जात नाहीत, यावर म्हणे शहाणी माणसं बैठका घेतात, चहा पितात, कागद रंगवतात. मला विचारा ना, फुकट सांगते. मशीनपाशी जाऊन आलेली माणसंच रांगेत उभी असतात! आणि जी गेलेली नसतात, ती यांचं ऐकत उभी असतात.

तेवढ्यात वळवेसाहेब आले. "आजी, मशीन आहे ना—"

"मशीनच आहे," मी म्हटलं. "तेच नको झालंय. यांचा चेक कुठाय?"

जाऊबाईंनी काळा कागद पुढे केला. साहेबांनी तो दोन बोटांत धरला, मेलेलं झुरळ धरतात तसा. "ही आमची पावती नाही."

"तुम्हीच माझ्या हातातून चेक घेतलात," जाऊबाई म्हणाल्या. "तुम्हीच टाकलात. मी तिसरी होते रांगेत."

"मावशी, रोज शंभर माणसं येतात, मला कसं आठवणार? कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही म्हणजे टाकलेला नाही. तक्रार असेल तर..." आणि या माणसाने हात केला मशीनकडे. "तिथे नोंदवा. नऊ दाबा."

मशीनची तक्रार मशीनकडे! बरं, तेही केलं. जाऊन नऊ दाबला. आतली बाई म्हणाली, "कृपया पावतीवरील क्रमांक टाका." मी तिला म्हटलं, "भवाने, पावती काळी आहे!" ती म्हणाली, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तिने पुन्हा तेच. तिला शिवी लागत नाही, लाज नाही, तिच्या डोळ्यात बघावं तर डोळा नाही. तेव्हा मला कळलं, माणसं खिडकीशी का जातात. शिक्केवालीकडून चुका होत नाहीत असं थोडंच आहे? पण ती चुकली की आधी तिची जीभ दाताखाली येते. चुकल्यावर समोरच्याचं तोंड पडलेलं दिसायला हवं हो माणसाला! निम्मा राग तिथेच उतरतो. मशीनसमोर माझा राग उतरेना. उलट चढला.

मी रस्ता ओलांडला, गाळ्यातून कोळशाची इस्त्री उचलली आणि तशीच धगधगती घेऊन बँकेत आले. वीज गेली की वापरायची म्हणून ठेवलीये, पाच किलोची आहे, आणि त्या दिवशी गाळ्याची वीज सकाळपासून गेलेली होती. मला बघून दारावरचा रखवालदार म्हणाला, "आजी, हे आत नेता येत नाही."

"का? कुठल्या नियमात लिहिलंय, दाखव."

त्याने खरंच नियमांचा तक्ता वाचला. कुत्रं होतं, छत्री होती, हेल्मेट होतं. इस्त्री नव्हती. त्याने दार उघडून धरलं!

"अहो, कुणाकडे मशीनची पावती आहे का, कसलीही?" मी रांगेला विचारलं. मागच्या एकाने शिलकेची एक चिठ्ठी दिली. मी ती फॉर्म भरायच्या टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर इस्त्री टेकवली. उचलली. काळी कुळकुळीत. जाऊबाईंच्या पावतीशेजारी ठेवली. जुळ्या बहिणी!

"आता सांगा साहेब, कुणाची पावती आहे ही?"

साहेब दोन्ही कागद उलटेपालटे करायला लागले. सगळ्यांनी पाकिटं काढली, पिशव्या उघडल्या. आणि आता जे झालं ते इस्त्रीपेक्षा वाईट. नऊ तारखेवाल्याने आपली पावती काढली, ती पांढरी. पाकिटात घासून घासूनच अक्षर उडालेलं. दुसऱ्याची पांढरी. तिसऱ्याची पांढरी. प्रत्येकाच्या हातात कोरा कागद, आणि तो म्हणत होता पुरावा आहे!

"ही काय थट्टा आहे?" गवंडी ओरडला. "घराला असली वाळू घातली तर लोक मला फाडून खातील!"

शिक्केवाली खिडकीमागून उठली. इतकी वर्षं ती बसलेलीच पाहिली होती, उंच निघाली की! म्हणाली, "साहेब, बंद मशीनची पेटी उघडा."

"मशीन सांभाळणाऱ्या एजन्सीचा माणूस येईल तेव्हा—"

"तो महिनाभर आलेला नाही. दोन किल्ल्या लागतात. एक माझ्याकडे आहे. दुसरी तुमच्या खिशात."

साहेब म्हणाले, "कामकाजाच्या वेळेत उघडता येत नाही." जाऊबाई जाऊन त्या बंद मशीनसमोर उभ्या राहिल्या, गाळ्यात उभ्या राहतात तशा, आणि हलेनात. मग मास्तरीणबाई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मग गवंडी. बघता बघता अख्खी रांग खिडकीपासून सुटली आणि मशीनपाशी लागली. मी म्हटलं, "घ्या साहेब! वळली सगळी. शंभरातली शंभर. लिहा फळ्यावर."

साहेबांनी किल्ली काढली.

पेटी उघडली. आत नुसता कोंबलेला ढीग. मशीनच्या घशात एक चेक ताठ उभा अडकलेला, आणि त्याच्यामागे बाकीचे सगळे एकावर एक गच्च. शिक्केवालीने हलक्या हाताने तो पहिला ओढून काढला. हातात धरला तर वाकेना. पत्र्यासारखा कडक. टेबलावर टिचकी मारली तर टण्ण वाजला.

"हे काय आहे?" साहेबांचा आवाज एकदम चढला. "याला खळ लावलीये! कपड्याला लावतात ती! मावशी, तुमच्या चेकमुळे माझं मशीन बंद पडलं!"

सगळे जाऊबाईंकडे बघायला लागले. चेकसुद्धा बाईने सोडला नव्हता, खळ लावून कडक इस्त्री!

जाऊबाई चाचरल्या. "मी... नाही हो, मी नुसती इस्त्री..."

"वयाने विसरतात त्या," मी घाईघाईने म्हटलं. "आणि लावली खळ तर लावली! तुमच्या मशीनने काय म्हटलं होतं, साहेब? घशात अडकलेलं असताना म्हणालं ना, स्वीकारला, धन्यवाद? माझ्या घशात घास अडकला तर मी खोकेन, पाणी मागेन, कुणाला तरी हाक मारेन. धन्यवाद म्हणून पुढचा घास घेत बसेन का? सतरा दिवस धन्यवाद! अन् ही सगळी माणसं इथे पाय मोडत उभी!"

"ते ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण हा तीन तारखेलाच टाकला कशावरून? मी आजचा शिक्का देऊ शकतो. फार तर."

अडीच वाजले होते. आजचा शिक्का म्हणजे कव्हरवाल्याची काच. जाऊबाईंनी पदर तोंडाशी नेला.

तेव्हा मास्तरीणबाईंनी पिशवीतून एक जाडं पुस्तक काढलं. त्याच्या मधल्या पानातून त्यांची पावती निघाली. अंधारात दाबून ठेवलेली, म्हणून अक्षर शाबूत. "चार तारीख, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं," त्यांनी वर्गात वाचतात तशी वाचून दाखवली. "आता मला सांगा, या ढिगात माझा चेक कुठे आहे?"

शिक्केवालीने दाखवला. "लगेच दुसरा. यांच्या मागे."

"म्हणजे या बाईंचा माझ्या आधी गेला. चारच्या आधी काय येतं, साहेब?"

"तीन!" गवंडी म्हणाला. अख्खी रांग म्हणाली, "तीन!" रखवालदारही म्हणाला, मी ऐकलं.

साहेबांनी कागद घेतला. लिहिताना त्यांचा हात असा चालत होता जणू पेन दहा किलोचं आहे. चेक मशीनमध्ये चार तारखेपूर्वी मिळाला, मशीनमध्ये अडकल्यामुळे जमा झाला नाही. खाली सही. शिक्केवालीने कागद ओढून घेतला. टक्. ढप्प! तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यात चारही बुजवलेल्या खिडक्या वाजल्या.

तीनला पाच मिनिटं असताना आम्ही इमारतीच्या कार्यालयात होतो. कारकुनाने कागद वाचला, चपलांकडे न बघता पहिल्यांदा जाऊबाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, किल्ली ठेवा तुमच्याकडेच." कव्हरवाल्याने टेप सर्रकन गुंडाळली, त्यात त्याचं बोट चिमटलं. मला फार बरं वाटलं, लपवत नाही.

बँकेत दुसरं मशीन अजून आहे. साहेब अजून वळवतात, पण जाऊबाई दिसल्या की भिंतीकडे तोंड करून फळा पुसायला लागतात. शिक्केवाली आहे, खिडकी एकच आहे आणि रांग आहे. आणि तिथे प्रत्येक जण जाऊबाईंना विचारतो, "काय मावशी, आज खळ आणली का?" जाऊबाई कसनुसं हसतात. त्यांनाही आता वाटायला लागलंय, की आपणच लावली असेल.

तर हे असं झालं. सगळं खरं आहे. इस्त्री खरी, काळी पावती खरी, ढप्प तर खराच. एक बारीकशी गोष्ट तेवढी मी आपली पदरची घातली.

खळ जाऊबाईंनी नव्हती लावली. त्या तेव्हा बाहेर श्वास घ्यायला गेल्या होत्या. चेक टेबलावर होता, खळीचं पाणी माझ्या हाताशी होतं, आणि मला वाटलं, बँकेत जायचाय तर जरा ऐटीत जाऊ दे. दोनदा शिंपडलं मी.

त्यांना सांगू नका. आणि हा दात आधीपासूनच हलत होता.